गळक्या छपराखालचे बियाणे

खरीप हंगामाची तयारी म्हटली की नांगरट, वखरणी, बियाणे, खते आणि पीककर्ज एवढ्याच गोष्टी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ज्या छपराखाली हे बियाणे व ही खते पेरणीच्या दिवसापर्यंत ठेवावयाची असतात, त्याची आठवण मात्र पहिला थेंब पोत्यावर पडेपर्यंत कोणालाही होत नाही. शेतकऱ्याला होत नाही, आणि त्याला सल्ला देण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यालाही सहसा होत नाही. छप्पर ही घरची बाब आहे, शेतीची नव्हे, अशी एक समजूत रूढ झालेली आहे. ही समजूत चुकीची असून ती दरसाल महागात पडते.

सोयाबीनचेच उदाहरण घ्यावे. मराठवाडा व विदर्भ या भागांत अनेक शेतकरी आपल्याच शेतातील चांगले सोयाबीन पुढील पेरणीसाठी राखून ठेवतात. ही चाल उत्तम आहे व कृषि विभागानेही तिला उत्तेजन दिलेले आहे. परंतु सोयाबीनच्या बियांचे वरचे आवरण फार पातळ व नाजूक असते. ओल लागली की बी फुगते, सुकले की आकसते, आणि या घडामोडीत आतील अंकुर दुबळा होतो. प्रमाणित बियाण्यात ओलाव्याचे प्रमाण 12 टक्क्यांहून अधिक नसावे व उगवणशक्ती 70 टक्क्यांहून कमी नसावी, असा दंडक आहे. ऑक्टोबरात मळणी झालेले हे बी जूनपर्यंत कोठीत राहते. हिवाळा व उन्हाळा कोरडाच जातो. धोका येतो तो अगदी शेवटच्या महिन्यात, वळवाच्या सरीबरोबर. अर्ध्या तासाच्या सरीत दोन पोती भिजतात, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ती वरून वाळतात आणि पाहणाऱ्याला काहीच झालेले दिसत नाही. मृगात तेच बी पेरले जाते. पुढे तासांत खांडण्या पडल्या म्हणजे दोष बियाण्याला दिला जातो, पावसाच्या उघडिपीला दिला जातो, पेरणीच्या खोलीला दिला जातो. पोत्यावर टपकलेल्या पाण्याकडे कोणाचेही बोट जात नाही.

खताची गोष्ट याहून उघड आहे. युरिया हवेतील दमटपणादेखील शोषून घेतो, मग प्रत्यक्ष पाण्याची कथा काय? पोत्याचा एक कोपरा भिजला की तेथे ढेकूळ होते आणि काही अंश विरघळून जमिनीत मुरतो, तोही शेतात नव्हे, कोठीच्या तळाला. भिजलेला कडबा किंवा भाताचा पेंढा बुरसतो. असा चारा जनावर एक तर तोंडाबाहेर टाकते, नाही तर खाऊन आजारी पडते. फवारणीचे पंप, मोटारीचे स्टार्टर, बियाण्याची पेटी या वस्तूही त्याच छपराखाली असतात.

पाणी किती येते याचा अंदाज सहसा केला जात नाही. दहा फूट लांब व दहा फूट रुंद एवढ्या क्षेत्रावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे 236 लिटर पाणी होते. कोकणात व घाटमाथ्यावर एका दिवसात पाच-सहा इंच पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. एवढ्या पाण्याचा शंभरावा हिस्सा जरी फटीतून आत आला तरी एक घागर भरते.

दुरुस्तीचा हंगाम

छपराची दुरुस्ती चैत्र-वैशाखात व्हावी हे सर्वांना माहीत आहे. ती ज्येष्ठात होते हेही सर्वांना माहीत आहे. मध्ये लग्नसराई असते, जत्रा असतात, आंबा-काजूचा हंगाम असतो. शाकारणी करणारे कारागीर गावात मोजके उरले आहेत व त्यांना एकाच आठवड्यात सगळीकडून बोलावणे येते. ही अडचण खरी आहे. पण पाऊस ठरलेल्या तारखेला येईल या भरवशावर शेवटच्या आठवड्यासाठी काम राखून ठेवणे आता परवडण्यासारखे नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने 11 जून धरलेली आहे. सन 2025 मध्ये तो 26 मे रोजीच तेथे दाखल झाला. रोहिणी नक्षत्र नुकतेच लागलेले होते. ज्यांनी मे महिन्याचा शेवटचा आठवडा शाकारणीसाठी राखला होता, त्यांची कौले खाली व पाऊस वर अशी स्थिती झाली. त्याआधी 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्या वेळी रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांचे व गोठ्यांचे पत्रे उडाले. वादळापुढे सैल पत्र्याचा निभाव लागत नाही, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

म्हणून एप्रिल अखेर ही मुदत मानावी. वळीव त्यापूर्वीही येऊ शकतो, परंतु एप्रिलमध्ये काम करणाऱ्यास निदान कारागीर मिळतो, सामान मिळते आणि लाकूड पूर्ण कोरडे असते. ओल्या फळीवर मारलेला कोणताही लेप टिकत नाही, आणि पावसाळ्यातील सर्व दुरुस्त्या ओल्या फळीवरच केल्या जातात.

गळती कोठे आहे

पाणी जेथे टपकते तेथे छप्पर फुटलेले असते, हा सर्वांत मोठा भ्रम होय. पाणी वरच्या बाजूस कोठेतरी शिरते, रिपेवर किंवा वाशाच्या पोटाखालून सरकत जाते आणि जेथे गाठ, खिळा अथवा वाकण आडवे येते तेथे थेंब सोडते. शिरण्याची जागा व टपकण्याची जागा यांत चार-पाच हातांचे अंतर सहज पडते. थेंबाच्या बरोबर वर जाऊन ठिगळ लावणारा मनुष्य बहुधा चांगल्या जागेवर ठिगळ लावतो, आणि पुन्हा गळले म्हणजे कारागिराला किंवा मालाला नावे ठेवतो.

गळतीचा माग काढण्याचे काम आतून करावयाचे असते. पावसाळा चालू असेल तर कोळशाचा तुकडा घेऊन वाशांवर ओलीच्या रेघा जेथून सुरू होतात तेथे खूण करून ठेवावी. त्या दिवशी दुरुस्ती होणार नाही. परंतु पुढील वैशाखात ती खूण कामास येते. कोरड्या दिवसांत कौलारू अथवा पत्र्याच्या छपराखाली दुपारी दारे-खिडक्या लावून दहा मिनिटे शांत बसावे. डोळे अंधाराला सरावले की उजेडाची छिद्रे आपोआप दिसू लागतात. डांबरी कागदाच्या छपरातून मात्र उजेड येत नाही, कारण कागदाखाली फळ्या असतात. तेथे एकाने आत बसावे व दुसऱ्याने शिडीवरून झारीने पाणी घालावे. सुरुवात वळचणीपासून करावी आणि हातभर वर, हातभर वर असे सरकत जावे. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबावे. प्रथम आढ्यावर पाणी ओतले तर ते सगळ्या उतारावरून वाहते आणि कोणत्या फटीतून आत आले हे मुळीच कळत नाही. ही साधी गोष्ट आहे, परंतु तिच्यामुळे निम्मे काम वाचते.

डांबर ओतण्याची सवय

डांबरी कागद, ज्यास बाजारात टारफेल्ट म्हणतात, तो तागाच्या गोणपाटाला किंवा तंतूंच्या नमद्याला बिटुमेन पाजून तयार केलेला असतो. अवजारांची खोपी, लहान कोंबडीघरे, विहिरीवरील मोटारघर अशा ठिकाणी तो स्वस्त पडतो म्हणून वापरला जातो. फळ्यांवर किंवा बांबूच्या तट्ट्यांवर तो अंथरतात. नीट बसविला तर काही वर्षे उत्तम काम देतो. तो गळू लागला की मात्र एकच उपाय सर्वत्र योजिला जातो: वरून डांबर ओतावयाचे. पहिल्या वर्षी ते थोडे टिकते. दुसऱ्या वर्षी त्यावर आणखी एक थर येतो. उन्हाने तो थर तडकतो, तड्यात पाणी साचते, खाली फळी कुजते. पाच वर्षांनी छपरावर कागदापेक्षा डांबरच अधिक असते व त्याच्या भाराने वासे वाकलेले असतात. उतार मोडला म्हणजे पाणी साचणार आणि साचलेले पाणी वाट काढणार, मग वर कितीही डांबर असो.

या सवयीला विरोध केला पाहिजे, कारण तिच्यात खर्च होतो आणि दुरुस्ती होत नाही. डांबरी कागद बहुधा मध्यावर फाटत नाही. तो बिघडतो तो खिळ्याशी, जोडाशी आणि कडेशी. उघडा राहिलेला खिळा गंजतो व त्याभोवतीचे छिद्र रुंद होते. जोड अपुरा चढविलेला असेल तर वाऱ्याने पाणी त्यात उलटे रेटले जाते. वळचणीची कड खाली वळवून पट्टीने दाबलेली नसेल तर वारा ती उचलतो. छपराचा एक अंग भिंतीला टेकलेला असेल तर त्या कोपऱ्यात बहुतेक गळती असतेच. या चार जागा सोडून मधल्या सपाट भागावर डांबर फासणे म्हणजे पाय मोडलेल्या बैलाच्या शिंगांना तेल लावण्यासारखे आहे.

ठिगळ लावावयाचे ते असे. दुखावलेली जागा ब्रशने झाडून माती, शेवाळ व सैल झालेले जुने डांबर खरवडून काढावे. कागद फुगून फोड आला असेल तर त्यावर फुलीसारखा छेद घेऊन चारही पाकळ्या उलट्या कराव्यात आणि खालची ओल एक-दोन दिवस उन्हात वाळू द्यावी. खालची फळी बोटाने दाबून पाहावी. मऊ लागली तर ती बदलल्यावाचून पुढे जाऊ नये. फळी ठणठणीत असेल तर पाकळ्यांखाली बिटुमेन लावून त्या दाबून बसवाव्यात. त्यावर नवीन कागदाचे ठिगळ असे घालावे की ते छेदाच्या चारही बाजूंस निदान 10 सेंटिमीटर पुढे जाईल. ठिगळाची वरची कड शक्य असेल तेथे वरच्या पट्टीच्या जोडाखाली सरकवावी, म्हणजे उतरते पाणी तिच्यावरून जाईल, तिच्यात शिरणार नाही. खिळे चपट्या डोक्याचे घ्यावेत व प्रत्येक डोक्यावर बिटुमेनचा ठिपका द्यावा. शेवटी लेप ओला असतानाच कोरडी बारीक वाळू भुरभुरावी. ऊन डांबराचा वैरी आहे, आणि वाळू त्याचे डोके झाकते.

संपूर्ण कागद बदलावयाचा असेल तर पट्ट्या आडव्या अंथराव्यात. पहिली वळचणीस, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि शेवटी आढ्यावर दोन्ही पाख्यांना झाकणारी. खालच्या पट्टीचे खिळे वरच्या पट्टीने झाकले गेले पाहिजेत. जोड 10 सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा. हे काम सकाळी करावे. वैशाखातील दुपारी कागद इतका मऊ होतो की त्यावर ठेवलेला पाय त्याला फाडतो.

डांबर घेतानाही जपावे. बाजारात डांबर या एकाच नावाने दोन वेगळे पदार्थ मिळतात. एक दगडी कोळशापासून निघालेले, दुसरे खनिज तेलापासून निघालेले बिटुमेन. डांबरी कागदाला दुसरे हवे. पहिले त्यावर नीट एकजीव होत नाही. थंड लावावयाचे बिटुमेन डब्यांतून मिळते व लहान कामास तेच बरे. गरम करून लावावयाचे असेल तर भांडे व डांबर पूर्ण कोरडे असावे, कारण पाण्याचा अंश असला की ते फसफसून बाहेर येते. पेट घेतल्यास त्यावर पाणी कधीही टाकू नये. झाकण घालावे किंवा कोरडी वाळू टाकावी.

कौले, पत्रे आणि प्लास्टिक

कौलारू छपरांविषयी फार सांगण्याचे कारण नाही, कारण ती विद्या गावांत अद्याप शिल्लक आहे. बासेल मिशनने 1865 साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून मंगलोरी कौलांचा प्रसार सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर झाला. या कौलांना उतार चांगला लागतो, दोन फुटांस सुमारे एक फूट. पडवी वाढविताना उतार मंद केला की पुढे कितीही कौले बदलली तरी ती जागा गळतच राहते. दोन पाखी जेथे मिळतात त्या पन्हळीत आंब्याची, फणसाची पाने कुजून बसतात व पाणी कौलांखाली चढते. ती पन्हळ साफ करणे एवढीच अनेक गोठ्यांची दुरुस्ती असते. कोकणात वानरांच्या उड्यांनी कौले फुटतात, ही तक्रार खरी आहे आणि तिला कंटाळून अनेकांनी कौले उतरवून पत्रे घातले. त्यांना दोष देता येत नाही. मात्र पत्र्याखालील गोठा वैशाखात भट्टीसारखा तापतो हेही ध्यानी असावे.

पत्र्याचे छिद्र नेहमी उंचवट्यावर असावे, खोलगट भागात कदापि नसावे. खाली-वर येणाऱ्या दोन पत्र्यांचा जोड निदान 15 सेंटिमीटर हवा. गळती बहुधा हुकाच्या वायसरमधून असते. वायसर कडक होऊन तडकलेला असेल तर तो बदलावा. त्यावर डांबर थापल्याने एक पावसाळाही निघत नाही. सिमेंटच्या पत्र्यांबाबत एक इशारा अवश्य दिला पाहिजे. ते ठिसूळ असतात आणि त्यांवर सरळ पाय देऊन चढल्याने माणसे खाली कोसळून दगावलेली आहेत. वाशांवर आधार येईल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच फिरावे. या पत्र्यांपैकी पुष्कळांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ श्वासात जाणे घातक असल्यामुळे ते कोरडे घासू, कापू किंवा फोडू नयेत.

राहता राहिले प्लास्टिक. आषाढात गावोगाव छपरांवर निळे-काळे कागद पसरलेले दिसतात, त्यांवर दगड, जुने टायर ठेवलेले असतात. रात्री अकस्मात गळू लागले तर दुसरा उपाय नसतो, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा कागदाची वरची कड आढ्यापलीकडे टाकावी. ती उतारावर मध्येच संपली तर वरून आलेले पाणी तिच्याखालूनच वाहते. परंतु हा रात्रीचा उपाय चार महिने छपरावर राहतो, आणि पुढील वर्षी पुन्हा नवा कागद आणला जातो. त्याखाली हवा खेळत नाही, वासे दमट राहतात, कुजतात, त्यांना वाळवी लागते. तीन-चार वर्षे हा क्रम चालला की कागदाखाली छप्परच उरत नाही. दरसाल कागदावर जो पैसा जातो त्यातून वर्षाला एकेक पाखे नीट करून घेता येते.

पैशाचा प्रश्न

पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते, म्हणून छप्पर मागे पडते, असे उत्तर नेहमी मिळते. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. तथापि सगळे छप्पर एकाच वर्षी दुरुस्त करण्याची आवश्यकताही नसते. कोठीतील जी दोन-तीन हात जागा बियाण्याखाली आहे, तिच्यावरील पाखे प्रथम धरावे. तेवढेही जमले नाही तर बियाणे आणि खत यांना घरातील सर्वांत भरवशाच्या छपराखाली हलवावे, मग ती जागा माजघर असो की देवघर. पाहुण्यांची खोली कोरडी आणि बियाण्याची कोठी गळकी, अशी व्यवस्था अनेक घरांत दिसते. घराची डागडुजी प्रथम व कोठीची उरल्यास, हा क्रम उलटा केला पाहिजे. माणसाला अंथरूण ओढून दुसऱ्या कोपऱ्यात जाता येते. पोते जागचे हलत नाही.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. भिंतीवरून उतरणारे ओघळ व जमिनीची ओल यांपासून तेवढेच संरक्षण मिळते. एखादे पोते भिजल्याचा संशय आला तर ते बी सावलीत पसरून वाळवावे, कडक उन्हात नव्हे. नंतर 100 बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात व आठवड्याने मोड मोजावेत. सत्तरांहून कमी निघाले तर पेरणीपूर्वीच बियाण्याचे प्रमाण वाढविता येते, किंवा दुसरे बी शोधता येते. पेरणीनंतर कळले तर हाती काही राहत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून एक अपेक्षा आहे. खरीपपूर्व सभांत बीजप्रक्रिया व उगवणचाचणी यांची प्रात्यक्षिके होतात, ती व्हावीतच. परंतु ती समाजमंदिरात घेण्याऐवजी एखाद्या शेतकऱ्याच्या कोठीत घ्यावीत. दार लावून सर्वांना दहा मिनिटे अंधारात बसवावे आणि वर पाहण्यास सांगावे. उजेडाचे ठिपके मोजले की चर्चा आपोआप सुरू होते. गावातील शाकारणीचा कारागीर त्या वेळी हजर असावा, म्हणजे पाच-सात शेतकऱ्यांना मिळून त्याचे दिवस तेथेच ठरविता येतील व त्याच्या वाट पाहण्यात मे महिना जाणार नाही. असा मेळावा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा. जूनमध्ये घेतला तर कोठीतील अंधारात ठिपक्यांऐवजी थेंबच मोजावे लागतील.